दुखण्याची आणेवारी

दुखणं मोजायची शून्य ते दहाची पट्टी मावशींनी पहिल्याच दिवशी बाजूला सारली. मी समजावून सांगितलं, "अजिबात दुखत नाही म्हणजे शून्य, जीव नकोसा होतो म्हणजे दहा. आत्ता किती?" तोंड बोटभरच उघडत होतं. तेवढ्यातून त्या म्हणाल्या, "ते धा-बिहा मला न्हाई कळत. चौदा आणं हाय." घरचं पीक जन्मभर आणेवारीत मोजलेल्या बाईचं बरोबरच होतं. सोळा आणे म्हणजे पुरतं, चार आणे म्हणजे चालतंय. पुढचे जवळजवळ चार महिने आम्ही केसपेपरवर आणेच लिहिले.

हे प्रकरण मी लिहितोय, कारण त्यातले पहिले पाच आठवडे मी चुकलो. औषध ठाऊक नव्हतं म्हणून चुकलो असतो तर एवढं लिहिण्यासारखं काही नव्हतं. मला औषध ठाऊक होतं. ओळख पटू नये म्हणून गाव, वय, नाती बदलली आहेत आणि दोन-तीन रुग्णांच्या फायली इथे एकत्र आल्या आहेत. डोसचे आकडे त्या त्या रुग्णाचे आहेत, कुणी ते उचलून दुसऱ्याला वापरू नयेत.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. मावशी बासष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं मिश्री. डाव्या गालाचा कॅन्सर, मुंबईत ऑपरेशन, मग रेडिएशन. अकरा महिन्यांनी जबड्यात आणि मानेच्या गाठीत आजार परत आला. आता आजारावर उपचार नाहीत, त्रास कमी करा, असं सांगून मुंबईहून घरी पाठवलेल्या. मुलगा एमआयडीसीत पाळीवर, सगळं करायला सून. गालाला बाहेरून जखम, तिला वास, आणि जबड्यातून कानात शिरणारी कळ. दिवसा कशीबशी निभायची. रात्री त्या उशी भिंतीला लावून बसून काढायच्या, आडवं पडलं की ठणका वाढायचा.

मुंबईच्या फायलीत शेवटच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: वेदना आटोक्यात न आल्यास तोंडाने मॉर्फिन सुरू करावं. खाली जिल्ह्याच्या ठिकाणी ते कुठे मिळेल तेही होतं. मी ते पान वाचलं. मुलाला म्हणालो, "ते आपल्याकडे मिळत नाही. तोपर्यंत ही गोळी देऊ." 'तोपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत, हे त्याने विचारलं नाही आणि मीही ठरवलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात ट्रामाडॉल ५० मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, सोबत पॅरासिटॅमॉल. "लागलं तर" म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. ते लागतच राहिलं, आधी एक दिवसाआड, मग रोज, मग दोनदा. दुसऱ्या आठवड्यात ट्रामाडॉल दिवसाला ४०० वर नेलं. त्याच्या पुढे जाता येत नाही, फिट येण्याचा धोका वाढतो. उलट्या सुरू झाल्या. आणे चौदाचे तेरा झाले, परत चौदा. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री फोर्टविन-फेनरगन. आमच्या भागात कुठल्याही दवाखान्यात रात्री अकराला कळवळणारा माणूस आला की हीच जोडी टोचतात, आमच्या पिढीच्या हाताला ती सवय आहे. तीन तास बरं वाटायचं. चौथ्या रात्री मावशींना माळ्यावर माणसं बसलेली दिसू लागली. फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन, त्याने असे भास होतात. पुस्तकात वाचलेलं होतं, सुनेने फोनवर सांगितलं तेव्हा आठवलं.

पाचव्या आठवड्यात शौचाला काळं झालं. रक्त तपासलं तर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ होतं ते २.३. डायक्लोफेनॅकने पोटही धरलं होतं आणि मूत्रपिंडही. ते बंद केलं आणि माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नाही.

त्या रात्री मी एका वर्गमैत्रिणीला फोन केला. ती गेली बरीच वर्षं पॅलिएटिव्ह केअर करते, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करायचं काम. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, रोज दोनदा डायक्लो टोचताना तुझा हात कापला नाही. मग मॉर्फिनला कसली भीती वाटली?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढे बरेच दिवस ते शोधत होतो.

तोंडावर सहज येणारं उत्तर म्हणजे व्यसन. हे लिहितानाही लाज वाटते. जिला चाळीस वर्षं मिश्रीचं व्यसन होतं आणि तेच आता गाल फोडून बाहेर आलं होतं, तिला आयुष्याच्या शेवटच्या काही महिन्यांत व्यसन लागेल म्हणून मी जपत होतो! शरीराला सवय होणं वेगळं. मॉर्फिन एकदम तोडलं तर घाम, जुलाब, तगमग होते, म्हणून ते हळूहळू उतरवायचं. स्टिरॉइडही आपण एकदम बंद करत नाही, पण स्टिरॉइड घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. हा फरक मला परीक्षेपुरता माहीत होता.

दुसरं उत्तर श्वासाचं. मॉर्फिनने श्वास मंदावतो हे खरंच आहे, त्याला हलकं घेऊ नये. पण तोंडाने, थोडक्या डोसपासून, वेदनेच्या मापाने चढवत नेलं तर आधी गुंगी वाढते आणि श्वास नंतर मंदावतो. म्हणजे सुनेला एवढंच सांगायचं असतं की हाक मारून नीट जाग्या होत नसतील तर पुढची गोळी देऊ नकोस, मला फोन कर. आम्ही मात्र शिकलो ते शिरेतून एकदम दिलेल्या मॉर्फिनबद्दल आणि विषबाधेबद्दल. फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत मला मॉर्फिनवर एकच प्रश्न आला होता, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी कशाने होते. उत्तर बरोबर आलं. वेदनेला किती द्यायचं हे कुणी विचारलंच नाही. नव्या अभ्यासक्रमात भूलशास्त्राखाली वेदना आणि पॅलिएटिव्ह केअर हे विषय आले आहेत, आमच्या वेळी ते पानच नव्हतं.

आमच्या वेळी म्हणजे नेमकं कधी, हेही इथे महत्त्वाचं आहे. अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात किमान दहा वर्षांच्या शिक्षेची कलमं आली आणि मॉर्फिन ठेवायचं तर राज्याराज्यांत वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात येत नसे. औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली तो १८ किलोवर आला. अख्ख्या देशाचा, वर्षाचा. त्या वर्षी मी इंटर्नशिप करत होतो. कॅन्सरच्या वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, पण मॉर्फिनची गोळी डोळ्यांनी पाहिली नाही. जी गोळी सीनियरने कधी लिहिली नाही ती ज्युनिअरच्या पेनातून उतरणार कुठून?

गंमत म्हणजे मॉर्फिन अफूपासूनच बनतं, आणि याच देशात नीमच, मंदसौर, चित्तोडगढच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते, आणि अफूचा चीक अधिकृतपणे निर्यात करणारा जगात भारत हा एकच देश आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला. वेदनाशमनासाठी जेवढं ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं औषध, लागायला हवं त्याच्या जेमतेम ४ टक्के भारतातल्या रुग्णापर्यंत पोचतं.

तिसरं उत्तर मी मैत्रिणीला त्या रात्री दिलं नाही, पण खरं तेच होतं. मला कागदाची भीती वाटत होती. रजिस्टर, तपासणी, कुणीतरी येऊन गोळ्या मोजणार, दोन कमी भरल्या तर? वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाबद्दल मला आजवर कुणी नोटीस पाठवलेली नाही. मॉर्फिनबद्दल येऊ शकते, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टर स्वतःला सुरक्षित ठेवतो तेव्हा त्याची किंमत कुणीतरी चुकवत असतं. इथे ती मावशी रोज चौदा आण्यांनी चुकवत होत्या.

आणि हा कागद तरी मी कधी वाचला होता? कायद्याने वैद्यकीय वापरावर बंदी कधीच नव्हती, मूळ कलम ८ मध्येच वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणाची सूट आहे. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही सहा 'अत्यावश्यक अंमली औषधं' म्हणून देशभरासाठी एका नियमाखाली आली. चार खात्यांच्या जागी राज्याचा औषध नियंत्रक, आमच्याकडे एफडीए. संस्थेने मान्यता घ्यायची, प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर हवा, आवक-जावक लिहायची, वर्षाची गरज कळवायची. हे सगळं वाचायला मला एक तास लागला. दुरुस्तीनंतर कित्येक वर्षं मी १९८५ च्या कायद्याला घाबरत होतो. उलट, ज्या ट्रामाडॉलचे पत्ते मी निर्धास्त लिहीत होतो ते एप्रिल २०१८ मध्येच एनडीपीएसखाली आलं होतं. त्याचा मला पत्ता नव्हता, म्हणून त्याची भीतीही नव्हती.

आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत मी हा विषय काढला. चहा, बटाटेवडे, चौदा जण. विचारलं, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आजवर कुणी लिहिलंय? भूलतज्ज्ञांचा एक हात वर आला, पण ते इंजेक्शनबद्दल बोलत होते. मग कारणं निघाली. सर्जन म्हणाले, "शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवावं, आत्ताच दिलं तर पुढे काय देणार?" ही समजूत मी इतक्यांकडून ऐकली आहे की ती कुठल्यातरी पुस्तकात असावी असं वाटावं. खरं तर मॉर्फिनला ट्रामाडॉलसारखी ठरलेली वरची मर्यादा नाही, गरजेप्रमाणे डोस वाढवता येतो, राखून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. एका तरुण डॉक्टरने जे म्हटलं ते मात्र उडवून लावण्यासारखं नव्हतं. "सर, सुरू करीन. पण पेशंट आठ दिवसांनी गेला तर घरचे म्हणणार डॉक्टरने अफू देऊन मारलं. मग दवाखान्याच्या काचा फुटणार." यावर कुणी काही बोललं नाही. एका ज्येष्ठांची मुलगी ओहायोत डॉक्टर आहे. ते म्हणाले, "अमेरिकेत काय झालं ते बघा आणि मग बोला."

अमेरिकेत झालं ते बघायलाच हवं. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना मादक वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ जणांत व्यसनाची फक्त चार प्रकरणं आढळली, एवढंच त्यात होतं. ते दाखल रुग्णांबद्दल होतं. घरी नेऊन महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तरी पुढे ते शेकडो ठिकाणी "व्यसन क्वचितच लागतं" याचा पुरावा म्हणून फिरलं. १९९६ मध्ये ऑक्सिकाँटिन ही ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आली, कंपनीचे प्रतिनिधी दवाखान्यादवाखान्यांत गेले, आणि कंबरदुखी-गुडघेदुखीलाही ती लिहिली जाऊ लागली. ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ साली आणि पुन्हा २०२० साली गुन्हा कबूल केला, तोवर गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली होती. तिथे डॉक्टरांची भीती कुणीतरी ठरवून काढून घेतली होती. आमच्याकडे ती कुणी काढायलाच आलं नाही. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, मी आजतागायत पाहिलेला नाही. इतक्या स्वस्त गोळीसाठी कोण पेट्रोल जाळणार? फेंटॅनिलच्या पट्टीचं माहितीपत्रक मात्र माझ्या टेबलावर होतं. तीन दिवसांनी बदलायची ती पट्टी मावशींच्या घराला झेपणारी नव्हती.

आणि अमेरिकेपेक्षा जवळचं उदाहरण आहेच. केरळात कालिकतला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था उभी केली. तिथे दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना मॉर्फिनच्या गोळ्या घरी दिल्या. औषध बाहेर फुटल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. २००१ साली हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. आमच्या बैठकीतल्या कुणीही, मीही, ते वाचलं नव्हतं. ओहायो सगळ्यांना माहीत होतं.

तर, शनिवार. सहाव्या आठवड्यातला. मावशींना जीपमध्ये मागच्या सीटवर उशा लावून बसवलं आणि जिल्ह्याच्या केंद्रावर नेलं, मीही गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी जखम पाहिली. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर भुरभुरायला सांगितली. वासासाठी पाच आठवडे मी अत्तराच्या बोळ्यापलीकडे काही सुचवलं नव्हतं. चार दिवसांत वास बराच गेला आणि शेजारणी परत घरात येऊ लागल्या. मग मॉर्फिन. एरवी दर चार तासांनी देतात, पण मूत्रपिंड बिघडलेलं असलं की औषध अंगात साठतं. म्हणून १० मिलीग्रॅमची अर्धी गोळी, दर आठ तासांनी. ट्रामाडॉल बंद. पहिल्या दिवसापासून रोज रात्री जुलाबाची गोळी, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच आणि पुढे जाऊन ते कमी होत नाही. मळमळीचं औषध चार-पाच दिवस. कानातल्या कळेसाठी रात्री अमिट्रिप्टिलीनची छोटी गोळी. म्हणजे मी घाबरत होतो ते निम्मं खरं होतं, जपून द्यावं लागणारच होतं. पण मूत्रपिंड मीच बिघडवलं होतं.

मुलगा दारात उभा होता. त्याने हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ही गोळी म्हणजे शेवट ना?" गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं, ही सुरू झाली की माणूस महिन्यात जातो. मॅडम म्हणाल्या, "आजार किती दिवस देईल ते मला सांगता येणार नाही. गोळी दुखणं काढायला आहे, दिवस काढून घ्यायला नाही." सून मात्र थेट कामाचं विचारत होती, गोळी कुटून जेवण घालायच्या नळीतून घातली तर चालेल का. साधी गोळी चालते, लांब काळ टिकणारी कुटायची नाही. मावशींनी 'अफू' हा शब्द ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. "माझी आजी पोरांच्या जिभंला अफू लावून भांगलायला जायची. म्या बी तसलीच निजल्याली." इतके दिवस हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नये म्हणून आम्ही सगळे धडपडत होतो.

रविवारी दिवसभर गुंगी. सुनेचे तीन फोन. हाक मारली की डोळे उघडतात ना? उघडतात. मग चालू ठेव. सोमवारी दहा आणे. बुधवारी सहा, आणि त्या रात्री मावशी आडव्या पडून पाच तास झोपल्या. सुनेने सकाळी सातला फोन केला, मी घाबरतच उचलला. तिला एवढंच सांगायचं होतं की आत्या चहा मागतायत, नळीतून दिलेला चालेल का.

पुढे क्रिएटिनिन १.४ वर आलं तसं दोन डोसांमधलं अंतर हळूहळू कमी केलं आणि डोस वाढवला. तिसऱ्या आठवड्यापासून ठरलेल्या वेळा, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. सुनेने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सूर्य आणि चंद्र काढून त्याखाली रेघा मारल्या होत्या. ड्रेसिंगआधी एक जास्तीची अर्धी. मावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडू लागल्या. सून म्हणायची, निवडलेले परत निवडतात, पण बसू दे. चार आण्यांच्या खाली दुखणं कधी गेलं नाही, आणि तेवढं त्यांना चालत होतं. डोस वाढवू का विचारलं की म्हणायच्या, "नगं. लई झोप येती, नातू शाळंतनं आल्याला दिसत न्हाई." व्यसनाबद्दल मी पाच आठवडे जो विचार केला होता तो मला अशा वेळी आठवायचा.

मॉर्फिन सुरू झाल्यावर त्या अकरा आठवडे जगल्या. शेवटचे दोन दिवस गिळणं-बोलणं नव्हतं, औषध नळीतून चालू होतं. पहाटे घरीच गेल्या. मुलाने कुणालाही दोष दिला नाही. त्या तरुण डॉक्टरची शंका मात्र त्यामुळे खोटी ठरत नाही, दुसऱ्या घरात काय झालं असतं ते सांगता येत नाही.

मधल्या काळात मी जिल्ह्याच्या केंद्रावर प्रशिक्षण घेतलं आणि आमच्या छोट्या रुग्णालयाच्या मान्यतेसाठी एफडीएकडे अर्ज केला. मान्यता आली तेव्हा मावशींना जाऊन महिना झाला होता. कपाटाला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे, लांब रकान्यांचं रजिस्टर. पहिली गोळी अजून कुणाला द्यायची होती.

दहाव्यानंतर एकदा येऊन गेलेला मुलगा त्या आठवड्यात पुन्हा आला. हातात औषधाच्या दुकानातली कागदी पिशवी. "सर, या राहिल्यात. मॅडमनी सांगितलं होतं टाकायच्या नाहीत, परत आणून द्यायच्या. तिकडं जायला रजा मिळंना. तुम्ही पोचवाल का?" मी टेबलावर कागद पसरून गोळ्या मोजल्या, एकोणचाळीस. पिशवीत चार घड्या घातलेलं कॅलेंडरचं पानही होतं, सूर्य, चंद्र आणि रेघा. सुनेने दिलेल्या गोळ्यांच्या रेघा, दर शनिवारी केंद्रावरून आणलेल्या गोळ्या आणि समोरच्या या एकोणचाळीस, मी दोनदा ताडून पाहिल्या. हिशेब अर्ध्या गोळीलाही चुकला नव्हता. एका अर्ध्या गोळीच्या रेघेपुढे तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खाली पडली, आत्यांना दिली नाही'.